वहन, अभिसरण आणि चटका

गेली अठरा वर्षं मी शाळेत उष्णता शिकवतो. वहन, अभिसरण, प्रारण. झोपेतून उठवून विचारा. त्यामुळे बायको माहेरी गेली तेव्हा ज्वारीच्या भाकरीला मी अजिबात बिचकलो नाही. आईला म्हटलं, "तू नुसती बस." ती बसली. स्टूल अगदी ओट्याला लावून.

पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, म्हणून ही उकड काढायची, असं तिला समजावलं. "हो का? मग थाप आता," म्हणाली. थापली. तव्यात पडेपर्यंत तिचा महाराष्ट्र झाला होता आणि कोकण परातीतच राहिलं होतं.

त्याआधी तव्यावर पाणी शिंपडून पाहिलं होतं. थेंब मोत्यांसारखे नाचत पळाले. मी खूश! थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, तिच्यावर तो तरंगतो.

"अरे, तवा जळतोय. गॅस बारीक कर."

लोखंड सुवाहक, पीठ दुर्वाहक. खालून कोळसा, वरून कच्चं. पहिली भाकरी गॅलरीतल्या कावळ्याला दिली. त्याने चोचीने उलटून पाहिली आणि तो उडून गेला.

दुसरीला वरून पाण्याचा हात नीट फिरवला, उलटली, मग थेट आचेवर धरली. आणि फुगली हो! पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटीहून जास्त जागा लागते, ती पापुद्र्याखाली शिरते आणि भाकरी टम्म. आनंदाच्या भरात मी ती बोटाने दाबून पाहिली.

फस्स!

पाणीही 100 अंशांचं, वाफही 100 अंशांचीच. पण वाफ कातडीवर निवताना ग्रॅममागे आणखी 540 कॅलरी सोडते. दहावीला हमखास येणारा प्रश्न. बोट नळाखाली धरलं आणि त्याच गडबडीत, ओट्यावरच्या ओल्या फडक्याने तवा उचलला. कोरड्या फडक्यात हवा अडकलेली असते, ती उष्णता अडवते. पाणी हवेच्या वीसपट उष्णता वाहून नेतं. हेही मीच शिकवतो.

तवा कसाबसा शेगडीवर आदळला. आई उठली, गॅस बारीक केला, तिसरी भाकरी थापली आणि तव्यावरून चक्क बोटांनी उलटली. सांडशी नाही, उलथणं नाही.

"तुला भाजत नाही?"

"भाजायला वेळ कुठे देते मी त्याला?"

यामागचं शास्त्र मला सांगायचं होतं. पण दोन बोटं तोंडात होती.