सकाळी सात ते रात्री अकरा

आज पॅकहाऊसमधले शेवटचे क्रेट धुऊन उपडे घातले. देवगडात दोन दिवस सूर्य दिसलेला नाही, पाऊस नुसता कोसळतोय. कितीतरी महिन्यांनी दुपारचं जेवण घरी बसून, गरम गरम जेवले. तेव्हा ठरवलं की हे वर्ष डोक्यातून जायच्या आत लिहून काढायचं. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी दापोलीला उद्यानविद्या शिकले आणि तेव्हापासून आंब्याच्या पॅकिंगमध्येच आहे. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या पॅकहाऊसच्या क्वालिटीची सगळी जबाबदारी माझ्याकडे आली. बागेतून आलेला आंबा तपासायचा, चौदा आणे तयार झालाय की नाही बघायचं, देठ आखूड तुटलेला बाजूला काढायचा, चिकाचे डाग बघायचे, कुठला क्रेट कुठल्या बागेचा याची नोंद ठेवायची. माल इथून वाशीला जातो, तिथे प्रक्रिया आणि तपासणी होते, मग विमान. वाशीत काही निघालं तर पहिला फोन मला.

हंगाम कसा गेला ते बागायतदारांना सांगायला नको. थंडी उशिरा पडली, मोहोर उशिरा आला. कणी धरली, फळं सुपारीएवढी झाली आणि त्याच झाडांना पुन्हा मोहोर फुटला. झाड नव्या मोहोराकडे वळलं की आधीची फळं सोडून देतं. सकाळी बागेत गेलं की झाडाखाली हिरवा सडा. त्यात मार्चमध्ये एक रात्र पाऊस झाला, दोन दिवस ढग राहिले, आणि करप्याच्या, म्हणजे दमट हवेत पसरणाऱ्या बुरशीच्या रोगाच्या, भीतीने सगळ्यांची झोप उडाली.

आता ज्या दिवसासाठी हे लिहितेय त्या दिवसाबद्दल.

एप्रिलचा दुसरा आठवडा. युरोपची ऑर्डर. सात बागांचा मिळून तीन टन माल, म्हणजे दीडशे क्रेट, आदल्या संध्याकाळी आमच्या कोल्डरूममध्ये येऊन पडलेला. प्रत्येक क्रेटवर बागेची चिठ्ठी. दुपारी प्रतवारी, रात्री आठला गाडी.

सकाळी सातला मी त्या सातांपैकी एका बागेत गेले होते, पुढच्या काढणीचा अंदाज घ्यायला. गडी झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवत होते. एक फळ हातात घेतलं. देठाजवळच्या खोलगट भागात पांढुरका ओघळ वाळला होता. बोटाने पुसला, बोटावर पावडर आली. दुसरं फळ घेतलं, तिसरं घेतलं, तेच. निर्यातीच्या आंब्याला काढणीआधी ठरलेले दिवस फवारणी बंद ठेवायची असते. पावसानंतर इथे औषध मारलं गेलं होतं, आणि बागेच्या वहीत त्याची नोंद नव्हती. वहीप्रमाणे शेवटची फवारणी फेब्रुवारीतली. याच बागेचे अडतीस क्रेट आमच्या कोल्डरूममध्ये होते.

त्या क्षणी आमच्या पॅकहाऊसच्या मालकांना फोन केला असता तर ते अडतीस क्रेट चिठ्ठ्या बघून अर्ध्या तासात बाजूला निघाले असते. बाकीचा माल गेला असता. मी फोन केला नाही.

का नाही केला, यावर गेले तीन महिने विचार करतेय. लपवायचं अजिबात नव्हतं. खात्री करून मग सांगू, एवढंच मनात होतं. बागमालक कणकवलीला गेले होते, फोन लागत नव्हता. वही पुन्हा चाळली. पावसाबरोबर आलेली धूळ असेल का, असाही विचार करून बघितला. दुपारी प्रतवारी सुरू झाली, सातही बागांची फळं वजनाप्रमाणे एका टेबलावर आली आणि चिठ्ठ्यांचा उपयोग संपला. मी तिथेच उभी होते. थांबवावं असं वाटत होतं, पण थांबवायला माझ्याकडे पुरावा नव्हता. बागमालकांचा फोन रात्री पावणेअकराला लागला. आठ दिवसांपूर्वी मारलंय म्हणाले. अकराला मी भाऊंना, म्हणजे आमच्या मालकांना, सगळं सांगितलं. गाडी तोवर लांज्याच्या पुढे गेली होती.

भाऊ चिडले नाहीत. थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "गो, सकाळीच कित्याक नाय सांगलंस?"

पूर्ण माल वाशीत अडवून ठेवला, नमुने लॅबला गेले. पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. फळातलं औषधाचं प्रमाण आपल्याकडच्या मर्यादेत बसत होतं, युरोपच्या नाही. तोवर विमानातली जागा गेली, खरेदीदाराने दुसरीकडून माल उचलला. सात बागांचा निर्यातीचा आंबा कॅनिंगला गेला. त्यातल्या सहा बागायतदारांची काहीही चूक नव्हती. त्या सहा जणांच्या घरी मी स्वतः गेले. त्यांतल्या एका घरी मुलीचं लग्न मे महिन्यात होतं. त्यांनी मला चहा दिला, पण फारसं कोणी बोललं नाही.

एका बागेची चूक सगळ्यांना भोवते हे मला पुस्तकातून माहीत होतं. 2013 मध्ये युरोपात गेलेल्या आपल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये कीड सापडली, आणि 1 मे 2014 पासून त्यांनी भारतातला आंबाच बंद केला. बंदी पुढच्या वर्षी उठली. मी तेव्हा दापोलीत शिकत होते. फळमाशीसाठी आमच्याच विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा बागेत टांगून दाखवताना सर हे सगळं सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो. परीक्षेत मार्कही मिळाले. पण ते 'सगळ्यांना भोवतं' म्हणजे काय, ते त्या घरात चहाचा कप हातात धरून बसल्यावर कळलं.

माझं म्हणणं असं आहे. आपल्याकडे नोकरीत चांगल्या माणसाची ओळख अशी की तो पक्की माहिती घेऊनच वर जातो. कच्चं बोलायचं नाही, हे आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं. मीही तशीच वाढले. पण नाशवंत मालात खात्री नेहमी उशिरा येते आणि शंका वेळेवर येते. सकाळी सातला माझ्याकडे फक्त बोटावरची पावडर होती, पण अडतीस क्रेट बाजूला काढायला तेवढी पुरेशी होती. "भाऊ, मला नक्की माहीत नाही, पण या बागेच्या मालाबद्दल शंका आहे, तेवढे क्रेट प्रतवारीला घेऊ नका." एवढं एक वाक्य. दहा वर्षं काम करून मला ते बोलता येत नव्हतं. आता येतं. मे महिन्यात अशा शंका मी अकरा वेळा सांगितल्या. त्यातल्या आठ खोट्या निघाल्या. त्याबद्दल मला कोणी एक शब्द बोललं नाही.

आणि त्या बागमालकांबद्दल. त्यांना लबाड म्हणणारे बरेच भेटले. मी नाही म्हणणार. आमच्या फॉर्मवर एकच चौकोन होता, ठरलेले दिवस फवारणी बंद आहे, हो किंवा नाही. 'नाही' लिहिलं की माल परत. हंगामात आधीच निम्मी फळं गळालेली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर, आणि रात्रभर पाऊस. औषध मारलं नसतं तर करप्याने उरलेलंही गेलं असतं. मारलं आणि खरं लिहिलं असतं तर आम्ही दार लावलं असतं. खरं बोलण्याची किंमत आम्हीच एवढी ठेवली होती की त्यांना ती परवडत नव्हती. फॉर्म मीच तयार केला होता, म्हणून हे मला जास्त लागतं. आता त्यावर तारीख आणि औषधाचं नाव लिहायला जागा आहे, आणि जो खरं लिहील त्याची काढणी आम्ही तेवढे दिवस पुढे ढकलतो, माल नाकारत नाही. मे महिन्यात तिघांनी स्वतःहून लिहिलं.

मे महिन्यातच मी चार दिवस तापाने पडले. सगळ्या नोंदी माझ्या एकटीच्या हातात असल्यामुळे पहिल्या दिवशी गोंधळ झाला. दुसऱ्या दिवसापासून प्रतवारीच्या टेबलावरच्या काकूंनी वही हातात घेतली. सातवी शिकलेल्या, वीस वर्षं आंबा हाताळणाऱ्या. त्यांच्या नोंदी माझ्यापेक्षा चांगल्या होत्या. समासात त्यांनी लिहिलं होतं, 'उन्हात राहिलेला वाटतो, साका असेल', आणि कापल्यावर खरंच आत पांढरा साका, म्हणजे न पिकलेला स्पंजासारखा गर, निघाला. हे वीस वर्षं त्यांना दिसत असणार. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. जूनमध्ये माझ्या पगाराचं बोलायला बसले तेव्हा आधी त्यांच्या पगाराचं बोलले. दोन्ही वाढले, त्यांचा थोडा जास्त.

सोळा-सोळा तास काम केल्याचं कौतुक करणाऱ्या पोस्ट मी बघते. एप्रिलमध्ये मीही तेवढे तास केले. त्या दिवशीसुद्धा पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत उभी होते. त्यातला अर्धा मिनिट फोनवर गेला असता तर सहा घरांचा हंगाम वाचला असता.

त्या बागमालकांकडे मी मिरगानंतर गेले होते. बराच वेळ ते पडवीत सुपारी कातरत बसले. मी नवा फॉर्म दाखवला, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. बोलणं काही झालं नाही.

काल संध्याकाळी त्यांचा फोन आला. मोहोरासाठी झाडाच्या मुळाशी घालतात त्या कल्टार नावाच्या औषधाबद्दल होता. पावसाच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. "बाय, आज खालच्या बागेत कल्टार घातलंय. चाळीस झाडां. वहीत लिवन ठेव."