आखातातून आलेले ‘फुकट’ आले नव्हते

खेड-दापोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पुन्हा एक मजकूर फिरतोय: ‘२०२० मध्ये आखातवाल्यांना सरकारने फुकट विमानाने आणलं आणि ते थेट घरी येऊन बसले.’ दोन्ही गोष्टी खोट्या आहेत.

कोरोनात परदेशी अडकलेल्या भारतीयांना परत आणायच्या सरकारी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमानं ७ मे २०२० पासून सुरू झाली. दूतावासाकडे नाव नोंदवून नंबर लागायची वाट बघायची, आणि तिकीट ज्याचं त्याने काढायचं. नोकरी गेलेल्या कितीतरी जणांनी त्यासाठी उसने पैसे घेतले. मेअखेरच्या नियमांनुसार उतरल्यावर ७ दिवस स्वखर्चाने विलगीकरण, मग ७ दिवस घरात. गरोदर बायका, ज्यांच्या घरात कुणाचा मृत्यू झालाय अशा मोजक्यांनाच सूट होती.

तिथे आम्ही आखातवाले मजेत होतो, हेही खरं नाही. दुबईत एप्रिलमध्ये चोवीस तास बाहेर पडायला बंदी होती. किराण्यालाही ऑनलाइन परवाना, तोही घरातल्या एकालाच. आमच्या खोलीत एकावर एक खाटा. गावाहून नेलेले सोडे नि आमसुलं पुरवून पुरवून वापरली. रात्री कुणी खोकलं की सगळी खोली जागी व्हायची.

ज्यांनी हा मजकूर पुढे पाठवलाय, त्यांनी कृपया त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाकावा.