आहारशास्त्र असं काढा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहारशास्त्र आहे म्हणून धास्तावू नका. हा विषय तोंडी लावण्यापुरताच असतो. सीनियरची जर्नल मिळवा, क्वाशिओरकॉर आणि मरास्मस या कुपोषणाच्या आजारांची दोन पोरं पेन्सिलीने काढा, एका ग्रॅममागे कर्बोदकं 4, प्रथिनं 4, स्निग्ध 9 कॅलरी एवढं घोका. पेपर निघालाच समजा.

खरी कसोटी 1 सप्टेंबरला. पोषण सप्ताह! मूग, मसूर, हरभऱ्याची झकास रांगोळी घाला, फोटो झाले की झाडून टाका (उसळ वगैरे करायचा मोह आवरा). चार्टवर सफरचंद, द्राक्षं, चीज चिकटवा आणि तो घेऊन बाळंतिणीपुढे उभ्या राहा. तिने विचारलं, ‘‘ताई, शेवग्याचा पाला चालंल का?’’ तर चार्टवर पाला आहे का बघा. नाही ना? मग पुढचा बेड.

लोहाची गोळी ती चहाबरोबर घेते की लिंबूपाण्याबरोबर, ही तिची खासगी बाब. चहाने लोह अंगी लागत नाही, हे तुम्ही परीक्षेत लिहिलंय, मार्कही पडलेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्या वयात तुम्हीही बसता. पण मेसच्या आमटीत डाळ शोधत बसण्यापेक्षा रात्री किटलीत मॅगी बरी.

वॉर्डात नातेवाईक हटकून म्हणणार, ‘‘सिस्टर, जेवण जात नाही, ताकदीची सलाईन लावा की.’’ इथे घोकलेला तो 4 चुकूनही आठवू नका. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 100 कॅलरी, एका पोळीची ताकद. हे सांगितलंत तर सलाईनची शान जाईल आणि पेशंटला दोन घास भरवत बसावं लागेल. डायलिसिसच्या पेशंटला कुणी शहाळं आणलं तर कौतुकाने स्ट्रॉ शोधून द्या. त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके चुकले तर डॉक्टर आहेतच की.

आणि झाकणही न काढलेलं ताट परत जाताना दिसलं, तरी नोंदीत ‘आहार घेतला’ असंच लिहा. रकाना रिकामा राहिला तर मॅडम ओरडतात. कोण किती जेवलं हे ताटं उचलणाऱ्या मावशींना बरोबर ठाऊक असतं. त्यांना विचारायच्या फंदात पडू नका. त्यांची काही जर्नल तपासली जात नाही.