सरळ न जाणाऱ्या मोटारीचे निदान

बंद पडलेली मोटार हे त्या मानाने सोपे दुखणे आहे. ती जागेवर उभी असते, चार लोक ढकलतात आणि तिला काय होते आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जी चालू होते, गार हवा देते, ॲव्हरेजही बरे देते, पण ताशी ८० च्या पुढे गेली की सरळ जायला कुरकुरते, ती मोटार मात्र मालकाच्या सभ्यतेचा अंत पाहते. १,६०,००० किलोमीटर ओलांडलेली आमची हॅचबॅक याच वर्गातली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लेन बदलायची म्हटली, की तिचा पुढचा भाग लगेच निघे आणि मागचा भाग क्षणभर विचार करून मग येई. "अरे, मागची चाके तुझ्या ऐकण्यातली नाहीत का?" असे मागे बसलेली आई पहिल्यापासून विचारत होती, परंतु तिला गाडी चालवता येत नसल्यामुळे तिचे मत तांत्रिक मानण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

पहिले निदान टायरवाल्याने केले. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. त्याने मोबाइलच्या उजेडात ते आकडे जन्मपत्रिका वाचावी तसे वाचले आणि मान हलवली. नक्षी शाबूत होती, पण रबर वयाने कडक होऊन बारीक बारीक तडकले होते. नवे टायर बसले, चाकांचे बॅलन्सिंग झाले, रिमच्या काठावर वजनाचे बारके तुकडे चिकटले आणि ९० च्या आसपास स्टिअरिंगला येणारी थरथर खरोखरच थांबली. मागच्या बाजूचा विचारी स्वभाव मात्र तसाच राहिला.

त्यानंतर अलाइनमेंटवाला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून देणारा. त्याच्या पडद्यावर आमच्या चारही चाकांचे कोन लाल रंगात उमटले आणि गाडीखाली शिरून त्याने काही नट पिळल्यावर पुढच्या चाकांचे आकडे हिरवे झाले. मागच्या चाकांचे लालच राहिले. "या गाडीत मागे ॲडजस्टमेंट नसते, साहेब," असे त्याने त्यावर सांगितले आणि आम्ही ते ज्ञान म्हणून स्वीकारले. तरीही गाडी किंचित डावीकडे ओढते, असे म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, की पाणी वाहून जावे म्हणून रस्ताच कडेला उतरता ठेवलेला असतो. हेही अगदी खरे आहे. पुढच्या मोठ्या खड्ड्यानंतर हिरवे आकडे पुन्हा लाल झाले.

मग गॅरेजच्या उस्तादांनी जॅक लावला. त्यांनी पुढचे चाक आधी वरून-खालून धरून हलवले, तेव्हा ते डुगडुगले तर दोष बॉल जॉइंटचा (चाक धरणाऱ्या गोळ्याच्या सांध्याचा) किंवा चाक ज्यावर फिरते त्या बेअरिंगचा; मग डावी-उजवीकडून धरून हलवले, तेव्हा डुगडुगले तर दोष टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा. थोड्या वेळाने ते एक लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी, हातात घेऊन बाहेर आले. त्याच्या सांध्यावरचे रबरी टोपण फाटले होते, ग्रीसमध्ये धूळ मिसळून काळा चिखल झाला होता आणि बोटाने ढकलले तरी त्याचा गोळा खळखळत होता. "बघा, जान नाही यात." चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातले रबरी तुकडेही त्याच दिवशी बदलले गेले. पुढची बाजू इतकी आज्ञाधारक झाली, की मागची बेशिस्त आता अधिकच उठून दिसू लागली.

यांतला एकही माणूस खोटे बोलत नव्हता, हीच खरी पंचाईत होती. नव्या गाडीत एखादाच भाग जातो. जुन्या गाडीत सगळेच भाग थोडे थोडे गेलेले असतात आणि प्रत्येक कारागीर आपापला भाग बरोबर शोधतो. त्यातून उस्ताद ट्रायल घेणार ती गल्लीत, ताशी ३० ने, आणि परत येऊन म्हणणार, "एकदम ओके." नातेवाइकांनी तोवर गाडी विकण्याचा ठराव जवळजवळ मंजूर केला होता, पंधरा वर्षे झाली, की नोंदणीचे नूतनीकरण आणि हरित कर, असे मुद्देही तयार होते.

शेवटी उस्तादांना महामार्गावर नेले. पुढच्या सीटवर बायको होती, त्यामुळे त्यांना मागे आईशेजारी बसावे लागले. पहिलीच लेन बदलली आणि त्यांनी वरची मूठ पकडली. "मागच्या ॲक्सलचे बुश!" आईने काही न बोलता माझ्याकडे आरशातून पाहिले. आमच्यासारख्या छोट्या गाड्यांत मागची दोन चाके बहुधा एकाच आडव्या तुळईला जोडलेली असतात आणि ती तुळई दोन जाड रबरी बुशांवर गाडीच्या तळाला धरलेली असते. रबर फाटले, की तुळई किंचित तिरकी सरकते आणि मागची चाके आपल्या मनाने वळण घेतात. बुशची किंमत किरकोळ, मजुरी मात्र घसघशीत, कारण जुने बुश प्रेसमध्ये घालून दाबून काढावे लागतात. त्यानंतर केलेले अलाइनमेंट प्रथमच टिकले.

आता गाडी सरळ जाते. इतकी सरळ आणि शांत, की पुढच्या डाव्या चाकातून येणारी बारीक घूंऽऽ स्पष्ट ऐकू येते आणि उजवीकडे वळताना ती वाढते. उस्ताद फोनवर म्हणाले, "बेअरिंग." आईने मात्र आपल्याला काहीच ऐकू येत नसल्याचे सांगितले, तिच्या मते तो पुढच्या सीटवर बसणाऱ्यांचा प्रश्न आहे.