‘एकच फाइल दोन्हीकडे चालते, मग वेगळी कशाला?’ – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अपाची जिओड ही अनेक यंत्रांच्या मेमरीत डेटा वाटून ठेवणारी प्रणाली. तिच्या क्लायंट (डेटा मागणारा) आणि सर्व्हर (डेटा ठेवणारा) मांडणीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. एक, क्लायंट आणि सर्व्हरसाठी वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइली हा विनाकारण व्याप आहे, तुमच्याकडे एकच कॅश एक्सएमएल फाइल (डेटा मेमरीत जवळ ठेवणाऱ्या कॅशची मांडणी सांगणारी) दोन्हीकडे व्यवस्थित चालते. दोन, मी सुचवलेला ‘प्रॉक्सी’ रीजन (रीजन म्हणजे डेटाचा नाव दिलेला गट; प्रॉक्सी स्वतःजवळ प्रत ठेवत नाही) म्हणजे प्रत्येक वाचनाला नेटवर्कची फेरी, मग कॅशचा उपयोग काय? तीन, लोकेटर (सर्व्हर कुठे आहेत ते सांगणारी प्रोसेस) कशाला, सर्व्हरचे पत्ते थेट लिहिता येतात. चार, मी सांगितल्याप्रमाणे रीड-टाइमआउट (सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्याची मुदत) कमी केल्यावर तुमच्याकडे अडचणी वाढल्या, म्हणजे मूळ (आधीपासून ठरलेल्या) किमतीच बऱ्या होत्या.

चौथ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि तिसऱ्यावर अर्धं बरोबर आहे. पण मला आधी पहिल्याबद्दल बोलायचं आहे, कारण प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहिलंय: ‘नवीन रिलीज टाकलं की काही की सापडत नाहीत, डेटाबेसमधून परत भरल्या जातात, कॅश आहे, एवढं चालायचंच.’ ते वाचून मी थांबलो. हे चालायचंच नाही. ह्या गायब होणाऱ्या की (डेटा शोधण्याच्या खुणा) आणि ती एकच फाइल यांचा थेट संबंध आहे.

तुम्ही फाइलचा जो तुकडा दिलाय, त्याचा सर्वांत बाहेरचा टॅग ‘कॅश’ आहे. त्याच्याबरोबरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये लोकेटर्सची ओळ आहे, पोर्ट १०३३४. ही जोडी घेऊन जी प्रोसेस सुरू होते ती क्लायंट होत नाही. ती लोकेटरला गाठते आणि क्लस्टरची (एकत्र काम करणाऱ्या प्रोसेसच्या गटाची) सदस्य होते, तुमच्या तीन सर्व्हरच्या बरोबरीची. क्लायंटसाठी बाहेरचा टॅग ‘क्लायंट-कॅश’ लागतो आणि लोकेटरचा पत्ता प्रॉपर्टीजमध्ये न देता कनेक्शन पूलमध्ये (सर्व्हरशी जोडण्या सांभाळणाऱ्या भागात) द्यावा लागतो. लोकेटर तोच, पोर्टही तोच, पण पत्ता कुठे लिहिलाय यावरून तुमचं ॲप्लिकेशन क्लस्टरच्या आत बसणार की बाहेर उभं राहणार ते ठरतं. माझ्या लेखात हा फरक एका ओळीत उरकला होता, तो ठळकपणे लिहायला हवा होता.

आता तुमचं चित्र बघा. तीन सर्व्हर आणि तुमच्या वेब ॲप्लिकेशनच्या दोन प्रती. तुमच्या लेखी तीन सर्व्हर आणि दोन क्लायंट. जिओडच्या लेखी डेटा ठेवणारे पाच सदस्य. तुमचा रीजन ‘पार्टिशन’ प्रकारचा आहे, म्हणजे त्यातला डेटा बकेट नावाच्या तुकड्यांत विभागून सदस्यांना वाटला जातो. बकेटची मूळ संख्या ११३. पाचही सदस्य आधी सुरू झाले आणि डेटा नंतर भरला गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २२-२३ बकेट येतात, तुमच्या वेब ॲप्लिकेशनच्या प्रतींनासुद्धा. रिडंडंट-कॉपीजची (जादा प्रतींची) मूळ किंमत शून्य आहे आणि तुमच्या तुकड्यात ती बदललेली दिसत नाही. म्हणजे प्रत्येक बकेट एकाच ठिकाणी आहे. रिलीजसाठी तुम्ही वेब ॲप्लिकेशनची एक प्रत बंद करता, तेव्हा रीजनचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिच्याबरोबर जातो. तुमच्या ‘काही की’ त्या ह्या.

डेटाबेस मागे आहे म्हणून आज निभावतंय. पण ज्या क्षणी रिलीज होतं, नेमक्या त्या क्षणी डेटाबेसवर जास्तीचा भार पडतो, हे तुमच्या आलेखात दिसत असणार. आणि उद्या कुणी या कॅशमध्ये सेशन ठेवली, किंवा अशी काही माहिती ठेवली जी दुसरीकडे कुठेच नाही, तर ती परत भरायला जागाच उरणार नाही.

याहून मोठी काळजी मला दुसरीच आहे. सदस्य एकमेकांवर अवलंबून असतात. एखादा सदस्य जिवंत आहे का हे बाकीचे सतत तपासतात, आणि मेंबर-टाइमआउटची (उत्तराची वाट पाहण्याच्या मुदतीची) मूळ किंमत ५००० मिलिसेकंद आहे. वेब ॲप्लिकेशनला मोठा रिपोर्ट काढताना हीप (त्याला दिलेली मेमरी) अपुरी पडली, गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करताना) ते सात-आठ सेकंद थिजलं, तर क्लस्टर त्याच्यावर संशय घेतं आणि त्याला बाहेरही काढू शकतं. तोवर त्याच्या उत्तराची वाट पाहणारी लेखनं अडकलेली असतात. उत्तर यायला १५ सेकंदांहून जास्त लागले की लॉगमध्ये इशारा येतो. तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये असे इशारे कधी आले असतील, आणि त्याचं खापर सर्व्हरवर फुटलं असेल, तर त्या वेळी वेब ॲप्लिकेशन काय करत होतं ते एकदा ताडून बघा. हेच ॲप्लिकेशन क्लायंट असतं तर ते थिजल्याचा त्रास त्याच्या स्वतःच्या वापरकर्त्यांपुरता राहिला असता.

म्हणून फाइल वेगळी ठेवा असं मी म्हणतो. रीजनचं नाव दोन्हीकडे एकच असलं, तरी सर्व्हरकडे त्या नावाखाली लिहायचं असतं की डेटा कुणाकडे, किती प्रतींत आणि किती मेमरीत राहील. क्लायंटकडे लिहायचं असतं की तो डेटा कसा मागायचा आणि स्वतःजवळ काही ठेवायचं का. पहिल्या प्रश्नाचं उत्तर क्लायंटने देऊच नये. एकच फाइल दोन्हीकडे टाकली की तो न विचारता ते उत्तर देऊन बसतो. दोन्ही बाजूंना जुळायला हवं ते फार थोडं: रीजनचं नाव, की आणि व्हॅल्यूचे प्रकार, आणि सिरियलायझेशन (डेटा पाठवण्यासाठी बाइटमध्ये बदलण्याची पद्धत). पीडीएक्स (जिओडची अशीच एक पद्धत) वापरून सर्व्हरवर रीड-सिरियलाइज्ड (डेटा त्याच रूपात वाचणं) चालू केलं, तर सर्व्हरला तुमच्या क्लासांची जारसुद्धा लागत नाही. सर्व्हरवर तुमचा स्वतःचा कोड चालवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आता प्रॉक्सी. ‘प्रत्येक वाचनाला नेटवर्क’ हे खरं आहे. पण ती एकच उडी असते. पूलमधलं सिंगल-हॉप मुळातच चालू असतं. कोणती बकेट कोणत्या सर्व्हरवर आहे याचा नकाशा क्लायंट जवळ ठेवतो आणि थेट त्याच सर्व्हरकडे जातो. कीवरून मेमरीतली व्हॅल्यू उचलणं आणि डेटाबेसमध्ये क्वेरी चालवणं या दोन्हींना तुम्ही एका तागडीत टाकलंय, ते मला पटत नाही. शिवाय आज तुम्हाला जो वेग दिसतोय, तो ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या बकेटमध्ये पडणाऱ्या कींचाच आहे. पाच सदस्यांत त्या साधारण पाचातली एक. बाकी चार वेळा तुम्ही आजही नेटवर्कवरूनच जाता.

ॲप्लिकेशनजवळ प्रत हवीच असेल तर ‘कॅशिंग-प्रॉक्सी’ आहे, आणि ती वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. पण तिचं एक पथ्य आहे, ते मी अंगाशी आल्यावर शिकलो. एका प्रकल्पात ऑर्डरची स्थिती दाखवणारा पडदा होता. चार क्लायंट होते. तिघांवर एका ऑर्डरची स्थिती ‘पाठवली’ दिसत होती, चौथ्यावर ‘स्वीकारली’. मी जीएफएसएचमधून (जिओडच्या कमांड-लाइनमधून) सर्व्हरवर तीच की मागितली, उत्तर आलं ‘पाठवली’. पान पुन्हा उघडलं, चौथ्यावर तरीही ‘स्वीकारली’. अर्ध्या तासाने पाहिलं तरी तेच. त्या क्लायंटने सकाळी ती की एकदा वाचली होती, प्रत स्वतःजवळ ठेवली होती, आणि त्यानंतर सर्व्हरला विचारण्याचं त्याला कारणच नव्हतं. कुठे एरर नाही, लॉग स्वच्छ. इतर तिघांनी ती की उशिरा वाचली, एवढंच त्यांचं नशीब.

आमच्याकडून राहिलं होतं ते असं: पूलमध्ये सबस्क्रिप्शन-एनेबल्ड ही किंमत मुळात बंद असते. ती चालू करायची, आणि मग ज्या की हव्यात त्यांच्यासाठी रजिस्टर-इंटरेस्ट करायचं. तेव्हा सर्व्हर त्या क्लायंटसाठी रांग ठेवतो आणि बदल त्याच्याकडे ढकलतो. सगळ्या कींसाठी इंटरेस्ट नोंदवू नका. मूळ पद्धतीत नोंदणी करतानाच सर्व कींच्या व्हॅल्यू क्लायंटकडे येतात, म्हणजे मोठ्या रीजनचा सगळा बोजा वेब ॲप्लिकेशनच्या हीपवर. रांगेची जादा प्रतही मुळात नसते, सबस्क्रिप्शन-रिडंडन्सी शून्य असते, त्यामुळे रांग धरणारा सर्व्हर पडला की न पोचलेले बदल त्याच्याबरोबर जातात.

याहून सोपा मार्ग म्हणजे क्लायंटच्या प्रतीला मुदत घालणं. तीस सेकंदांनी जुनी प्रत बाद, मग सर्व्हरला विचारायचं. त्यासाठी त्या रीजनवर स्टॅटिस्टिक्स-एनेबल्ड चालू लागतं. पण तीस सेकंद शिळी माहिती चालेल का, याचं उत्तर कोड लिहिणाऱ्याने एकट्याने देऊ नये, तो पडदा वापरणाऱ्याला विचारावं. आमच्या ऑर्डरच्या पडद्याला ती चालणार नव्हती. उत्पादनांच्या वर्गवारीला तासभर चालली असती. मी प्रॉक्सीपासून सुरुवात करा म्हणतो ते याचसाठी. तिथून पुढे प्रत्येक रीजनला ‘किती शिळं चालेल’ हे विचारून मगच जवळ प्रत ठेवावी.

लोकेटरबद्दल. दोन-तीन सर्व्हर, पत्ते कायमचे, वाढायची शक्यता नाही, तर थेट पत्ते लिहा, काही बिघडत नाही. मी ते सरसकट चूक ठरवलं, तेवढं जास्त झालं. पूलमध्ये लोकेटर तरी द्यायचे किंवा सर्व्हर तरी, दोन्ही एकत्र नाही. थेट पत्ते दिले की क्लायंटला त्या यादीपलीकडचं जग नसतं. चौथा सर्व्हर उभा केला तर त्याचा पत्ता प्रत्येक क्लायंटमध्ये घालावा लागतो. लोकेटर दिला तर कोणावर किती भार आहे ते बघून तो सर्व्हर सुचवतो.

लोकेटर वापरताना एक गफलत हमखास होते, आणि मला वाटतं तुम्ही लोकेटरला कंटाळलात ते यामुळेच असावं, कारण ‘लोकेटर दिला तर सर्व्हर उपलब्ध नाही म्हणतो, थेट दिला तर चालतो’ असं तुम्ही लिहिलंय. लोकेटरपर्यंत क्लायंट पोचतो. लोकेटर त्याला सर्व्हरचं नाव आणि पोर्ट सांगतो, समजा पोर्ट ४०४०४. पण ते नाव म्हणजे सर्व्हरने स्वतःचं नोंदवलेलं, आतल्या नेटवर्कमधलं किंवा कंटेनरचं नाव. क्लायंटच्या यंत्राला ते नाव कुठलं आहे हेच ठाऊक नसतं. मग सगळे सर्व्हर धडधडीत चालू असताना क्लायंट म्हणतो एकही सर्व्हर नाही. लोकेटरचं पोर्ट तपासलं तर उघडं दिसतं, म्हणून नेटवर्कवाले हात वर करतात. उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे: होस्टनेम-फॉर-क्लायंट्स. त्यात बाहेरून ओळखलं जाणारं नाव द्यायचं, लोकेटर तेच पुढे सांगतो.

आणि रीड-टाइमआउट. मूळ किंमत १०००० मिलिसेकंद, मी ती २००० करा असं लिहून पुढे गेलो. ते अर्धवट होतं आणि त्याचा तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. दोन सेकंदांनी क्लायंट कंटाळतो आणि तीच विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे नेतो. पहिल्या सर्व्हरला हे कळत नाही, तो काम पूर्ण करतच राहतो. जड क्वेरी असेल तर आता ती दोन ठिकाणी चालतेय. म्हणून वेळ संपण्याचे प्रकार वाढले तसा सर्व्हरवरचा भारही वाढला. लेखनात तर आणखी एक गोष्ट: वेळ संपली याचा अर्थ लेखन झालं नाही असा नव्हे. कीवरून वाचणाऱ्या रीजनसाठी वेगळा पूल आणि कमी टाइमआउट, जड क्वेरींसाठी दुसरा पूल आणि मूळ किंमत, अशी विभागणी करा. मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज बदलतोय.

आता तुमच्या व्यवस्थेत काय करायचं. जीएफएसएच उघडा आणि आधी ‘लिस्ट मेंबर्स’, मग ‘लिस्ट क्लायंट्स’ चालवा. पहिल्या यादीत वेब ॲप्लिकेशनची नावं असतील आणि दुसरी रिकामी असेल, तर मी वर लिहिलं तेच घडतंय. पण लगेच दोन्ही प्रती बाहेर काढू नका, त्यांच्याजवळच्या बकेट जातील. रिडंडंट-कॉपीज १ करायचं तर ती किंमत सर्व सदस्यांवर सारखी लागते आणि चालू रीजनवर बदलता येत नाही, म्हणून वर्दळ कमी असताना सगळं एकदाच बंद करून नव्याने उभं करणं बरं. त्याआधी मेमरीचा हिशेब करा. आज प्रत्येक सर्व्हर डेटाचा पाचवा हिस्सा सांभाळतो. उद्या तीनच सर्व्हर आणि प्रत्येक बकेटच्या दोन प्रती, म्हणजे प्रत्येकावर दोन-तृतीयांश, आजच्या तिपटीहून जास्त. क्रिटिकल-हीप-पर्सेंटेज लावलं असेल आणि हीप ती मर्यादा ओलांडून गेली, तर लेखनं नाकारली जायला लागतील.

दोन्ही कमांडचं आउटपुट आणि तीन सर्व्हरची हीप किती आहे तेवढं इथे लिहा. यंत्रांची नावं आणि पत्ते खोडून टाका. हीप वाढवायची की चौथा सर्व्हर घ्यायचा, ते आकडे समोर ठेवून बघू.