एक खोका आणि पाच मायर

शुक्रवारी दुपारी अडीचला कुरियरवाल्याने माझ्या हातात एक खोका ठेवला आणि मी नको म्हणायच्या आत सही घेतली. सही म्हणजे काय, त्याच्या यंत्राच्या काचेवर बोटाने काढलेली गांडुळासारखी वेडीवाकडी रेघ. ही उपमा तेव्हा सहज सुचली होती.

खोक्यावर नाव होतं एस. मायर. नावाखाली बारीक अक्षरांत आणखी काही छापलेलं होतं, पण चष्मा आत टेबलावर होता.

आता इथली रीत सांगायला हवी. जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पत्त्यात रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक आणि गाव, एवढंच. पुढचं सगळं काम आडनाव करतं. बेलच्या बटणाशेजारी आणि पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल, तर तुम्ही त्या घरात राहत नाही. खिडकीतून हात हलवत असलात तरी राहत नाही. पत्र परत जातं. हॅनोव्हरच्या या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी आईला फोनवर आठ बटणांवरची नावं वाचून दाखवली होती: मायर, मायर, मायर, मायर, मायर, न्गुयेन, यिल्माझ, म्हात्रे.

आई म्हणाली, "भावकीच दिसतेय सगळी."

भावकी अजिबात नाही. पाचही मायर एकमेकांचे कोणी लागत नाहीत, आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की त्यांचं आडनावही एक नाही. एक जण ए-ई लिहितो, एक आ-ई, दोघं ए-इप्सिलॉन (इप्सिलॉन म्हणजे वाय) आणि एक जण आ-इप्सिलॉन लिहून पुढचा ए खाऊन टाकतो. म्हणायचं मात्र सगळ्यांनी 'मायर'च. माझी पंचाईत अशी, की मी घरातल्या नोंदी देवनागरीत करतो. कोणाचं पार्सल घेतलं, कोणाची किल्ली आपल्याकडे आहे, कोणाच्या कुंड्यांना पाणी घालायचंय, असं फ्रिजवर लिहून ठेवतो. रोमन लिपीत पाच वेगळी माणसं असतात. फ्रिजवर येईपर्यंत त्यांचा एकच मायर होतो आणि त्याच्याकडे नऊ किल्ल्या असतात.

त्यात आपल्या इंग्रजी कानांची भर. जर्मन माणूस 'ए' म्हणतो तेव्हा त्याला इंग्रजीतला ई म्हणायचा असतो. 'ई' म्हणतो तेव्हा आय. 'आ' म्हणजे आपला ए. हे मी मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या मॅक्स म्युलर भवनात पहिल्याच आठवड्यात शिकलो. मांडव्याहून बोट, गेटवेवरून चालत, आणि वर्गात सगळी मुळाक्षरं उलटीपालटी. (ज्यांच्या नावाचं ते भवन, त्यांचीही आडनावाची रड होतीच. म्युलर म्हणजे गिरणीवाला, आणि हे जर्मनीतलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. एवढ्या गर्दीत आपण हरवू म्हणून त्यांनी 'मॅक्स' हे नाव आडनावालाच जोडून घेतलं. त्यांनी संपादित केलेल्या ऋग्वेदाच्या संस्कृत मुखपृष्ठावर पुढे ते भट्ट मोक्षमूलर झाले. तिथे स्पर्धा कमी होती.)

तर पार्सल. पाच मायरांचं प्रत्येक पार्सल माझ्याकडेच येतं, कारण मी तळमजल्यावर राहतो, घरून काम करतो, आणि कुरियरवाल्याला आठ बटणांत एकच नाव असं दिसतं की ज्यात त्याचा घोटाळा होत नाही. एरवी मी खोके जिन्याखाली रचून ठेवतो आणि ज्याचा त्याने घेऊन जावा. पण हा खोका वळवला तर बाजूला नारिंगी चिठ्ठी दिसली, एवढ्या मोठ्या अक्षरांत की चष्म्याची गरज नव्हती: जिवंत प्राणी. लगेच उघडा.

खोक्याला भोकं होती. कान लावला. आतून काही आवाज नाही, पण खोका थंड होता आणि त्याला पहिल्या पावसातल्या शेतासारखा वास येत होता. दुसऱ्याचं बंद पत्र उघडणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे. खोक्याला तेच लागू होतं का, हे शुक्रवारी दुपारी कोणाला विचारणार? म्हणून मी खोका दोन्ही हातांत आडवा धरून जिना चढायला लागलो.

पहिल्या मजल्यावर फ्राऊ मायर, म्हणजे मायरबाई. नाव सिग्रिड, म्हणजे एस. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी दार उघडलं, खोक्यावरचं नाव लांबूनच वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच बाईचा नवरा त्यांच्या दारात आणून उभा केला होता.

"यात इप्सिलॉन आहे."

"पाठवणाऱ्याची चूक असेल," मी म्हणालो.

"माझ्या नावात अंडं आहे," फ्राऊ मायर म्हणाल्या आणि दार लावलं.

यात गूढ काही नाही. जर्मनमध्ये ए-ई ही अक्षरं जोडली की 'आय' होतं आणि 'आय' म्हणजे अंडं. त्या दिवसापासून मी मायरांची विभागणी करून टाकलीय: एक अंडंवाल्या, बाकी चार शाकाहारी. फ्रिजवरही तसंच लिहितो.

दुसऱ्या मजल्यावरचे हेर मायर (हेर म्हणजे श्रीयुत) श्टुटगार्टच्या बाजूचे. नाव श्टेफान, म्हणजे पुन्हा एस. ते जिना झाडत होते. त्यांच्याकडे जिना झाडायची पाळी ठरलेली असते आणि ती पाळली नाही तर माणसाचं शेजाऱ्यांत नाव जातं. हॅनोव्हरमध्ये तशी सक्ती नाही, पण ते आपली पाळी आपल्यावरच लावून घेतात. "मी आ-ई," ते म्हणाले. "आमच्या खोऱ्यात सगळे आ-ई. ए-इप्सिलॉन म्हणजे इकडचे, उत्तरेतले." आणि केरसुणी जराशी माझ्या पायांकडे वळवली.

समोरच्या दारातली मायर म्युनिकची, विशीतली मुलगी, नाव सोफी. एस आहेच. शेवटचा ए खाणारी ती हीच. "आम्ही बव्हेरियात एक अक्षर वाचवतो, आणि ऑस्ट्रियातही," ती म्हणाली. मग खोक्याचा वास घेऊन म्हणाली, "यात काहीतरी मेलंय का?"

"अजून नाही," मी म्हणालो आणि घाईने तिसऱ्या मजल्यावर गेलो.

तिसऱ्या मजल्यावर खरे ए-इप्सिलॉन. दोन्ही दारं मायर. डावीकडच्या साबिनेबाई म्हणजे एस आणि ए-इप्सिलॉन दोन्ही जुळणाऱ्या एकमेव मायर. आता खोका टेकवायचा आणि मोकळं व्हायचं. पण बेल वाजवून वाजवून बोट दुखलं तेव्हा उजवीकडचं दार उघडून निवृत्त लॅटिन शिक्षक हेर मायर बाहेर आले आणि म्हणाले, "त्या मायोर्काला गेल्यात. दोन आठवडे." मग माझा चेहरा पाहून, "आत या. खोका इथे ठेवा. नको, पुस्तकांवर नको."

मी विचारलं, आणि खरं तर रागानेच विचारलं, की हा मायर मुळात होता तरी कोण, ज्याने एवढी प्रजा मागे ठेवली?

शिक्षकाला असा प्रश्न विचारायचा नसतो. पाण्याचा ग्लास आला, चष्मा आला, आणि खोक्यातल्या जिवांना विसरून आम्ही मध्ययुगात गेलो.

मूळ शब्द लॅटिन 'मायोर', म्हणजे अधिक मोठा. जमीनदार, मग तो सरदार असो की मठ, स्वतः गावात राहायचा नाही. त्याच्या वतीने जमीन कसून घेणारा, धान्याची देणी गोळा करणारा, गावकीच्या न्यायाला बसणारा जो कारभारी, तो मायर. पुढे जमीन खंडाने घेणारा बडा शेतकरीही मायर झाला. उत्तर जर्मनीत तर त्या खंडाच्या कायद्याचं नावही यावरूनच पडलं. आता प्रत्येक गावाला एक मायर लागणारच. म्हणून ए-इप्सिलॉनवाले एकटेच म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर यांच्या मागोमाग सहाव्या नंबरावर आहेत, आणि सगळी स्पेलिंगं एकत्र मोजली तर हा आकडा आणखी वर सरकतो. गिरणीवाला, लोहार, शिंपी, कोळी, विणकर आणि मग आमचा कारभारी. बलुतेदारांची यादीच म्हणा ना.

"मग पाच तऱ्हेची स्पेलिंगं कशाला?"

"पाद्री," हेर मायर म्हणाले. बाप्तिस्म्याच्या वहीत पाद्र्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, आणि एकाच माणसाचं जन्माला एक स्पेलिंग, लग्नाला दुसरं, मरणाला तिसरं. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या साम्राज्यात सरकारी नोंदणी कचेऱ्या सुरू झाल्या, आणि त्या वेळी जे वहीत होतं ते गोठलं. त्यातही काही मायर मुळात या मायरांतले नाहीतच. ज्यू कुटुंबांत हिब्रू 'मेइर', म्हणजे प्रकाश देणारा, हे नाव होतं, आणि ते इथे येऊन याच उच्चाराला मिळालं. हे सांगताना ते जरा थांबले. मग म्हणाले, की फोनवर अक्षरं सांगायची जी जुनी यादी होती, त्यात एन म्हणजे नाथान, डी म्हणजे डाविड होता. नाझींनी १९३४ मध्ये ज्यू नावं काढून टाकली आणि नाथानच्या जागी उत्तर ध्रुव आणून बसवला. लोक अजूनही सवयीने 'नोर्डपोल'च म्हणतात. २०२२ मध्ये नवी यादी आली, त्यात जवळजवळ सगळी शहरं आहेत. एन म्हणजे न्युर्नबेर्ग. "शहरांची नावं बदलायला जरा तरी वेळ लागतो," ते म्हणाले.

मग स्वतःच वातावरण हलकं करायला त्यांनी नाझी हवाई दलाचा प्रमुख गोरिंग याची गोष्ट सांगितली. शत्रूचं एक विमान जरी जर्मनीतल्या रूर भागापर्यंत पोचलं तरी मला मायर म्हणा, अशी फुशारकी त्याने मारली होती म्हणतात. आपण 'नाहीतर नावाचा अमका नाही' म्हणतो, त्यातलाच प्रकार. विमानं पोचली. मग लोक हवाई हल्ल्याच्या भोंग्याला 'मायरचं शिंग' म्हणायला लागले.

"आणि तुम्हाला कधी वाटलं नाही बदलावं?"

"बदलता येतं," ते म्हणाले. इथे आडनाव बदलायला भक्कम कारण लागतं, आणि तुमचं आडनाव फारच जणांचं आहे हे भक्कम कारण धरलं जातं. "पण मग घ्यायचं कोणतं? पूर्वी लोक पुढे काहीतरी लावायचे. खालचा असेल तर नीडरमायर. वरचा ओबरमायर. देवळाजवळचा किर्शमायर. दगडाजवळचा श्टाइनमायर." शेवटचा आता राष्ट्राध्यक्ष आहे.

इथे मात्र मला हसू आवरेना. कारण मी ज्या गावातून आलो, अलिबाग तालुक्यातल्या त्या गावात दगड भिरकावला तर तो म्हात्र्यालाच लागतो, आणि नेम चुकलाच तर पाटलाला. आमचा पोस्टमन पत्र हातात घेऊन ओट्यावर बसायचा आणि ओरडायचा, "कुठला म्हात्रे?" आणि उत्तरं यायची: खालच्या आळीतले, वरच्या आळीतले, देवळाकडचे, मिठागरवाले. मी नीडरम्हात्रे. आयुष्यभर दुसऱ्या म्हात्र्यांची मनीऑर्डर, दुसऱ्या म्हात्र्यांच्या लग्नपत्रिका आणि एकदा तर दुसऱ्या म्हात्र्याचा दहावीचा निकाल घरी आलेला मी, साडेसहा हजार किलोमीटरवर येऊन पुन्हा तेच करत होतो.

जिना उतरता उतरता मला शाळेतलं संस्कृत आठवलं. लॅटिन 'माग्नुस' म्हणजे मोठा, त्याहून मोठा तो 'मायोर'. आपलं 'महत्' म्हणजे मोठं, त्याहून मोठा तो 'महत्तर'. धातू एकच, अर्थ तोच. आणि राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दानाची खबर ज्यांना द्यायची त्या अधिकाऱ्यांच्या यादीत शेवटी शेवटी हे महत्तर उभे असतात, गावातले वजनदार लोक म्हणून. त्या महत्तरावरूनच म्हात्रे आलं असं मानतात. म्हणजे इमारतीत सहा मायर होते. मी दुसऱ्या मजल्यावर थांबून हे श्टेफान मायरांना सांगणार होतो, पण जिना अजून ओला होता.

सहाला सुप्रिया कामावरून आली. मी खोका स्वयंपाकघरात, खिडकीजवळ सावलीत ठेवला होता आणि त्याच्या भोकांवर टेबलफॅन लावला होता.

"आलं का माझं पार्सल!"

"हे मायरांचं आहे. साबिनेबाईंचं. त्या मायोर्काला—"

"माझं आहे. गांडुळं आहेत. खताच्या डब्यासाठी, पाचशे." ती कात्री शोधू लागली. "फॅन कशाला लावलास? सुकतील ती."

"पण मायर?"

"फोनवर म्हात्रे सांगून बघ तू. मार्था, हाइनरिश, आंटोन, टेओडोर, रिशार्ड, एमिल. मागच्या वेळी कोथिंबिरीचं बी मार्था हाइनरिश नावाने आलं आणि परत गेलं. या वेळी त्या बाईंनी नाव विचारलं तसं मी सरळ मायर सांगितलं. म्हटलं, एवढे मायर आहेत, कुठेतरी लागेलच. आणि शेवटी सगळं तुझ्याकडेच तर येतं."

खोका उघडला. काळी ओली माती आणि तिच्यात लालसर हालचाल. जिवंत होती सगळी. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच तिला सगळं सांगून टाकलं, मायोर, महत्तर, ताम्रपट, आणि ती खोटं बोललीच नव्हती हे.

"म्हणजे मायर म्हणजे म्हात्रे," ती गांडुळं डब्यात ओतत म्हणाली. "आणि म्हातारा?"

"तोही महत्तरावरूनच."

"वाटलंच," ती म्हणाली आणि रिकामा खोका माझ्याकडे सरकवला. "चष्मा लावून नावाखालची ओळ वाच. माझा फोन नंबर आहे."