‘लसीने 30 लाख बळी घेतले’ हे त्या निबंधात कुठे लिहिलंय?

परवा रात्री अकराला मावशीचा फोन आला. काका 2022 मध्ये हृदयविकाराने गेले, तेव्हा कोविड लसीचा दुसरा डोस घेऊन अकरा महिने उलटले होते. “त्यांना नको होती गं लस. मीच हट्टाने घेऊन गेले. म्हणजे मीच...” पुढे तिला बोलवेना. नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज तिने दिवसभर पुन्हा पुन्हा वाचला होता.

मेसेज थोडक्यात असा: ‘ब्रिटिश मेडिकल जर्नलने कबूल केलं, 47 देशांत लसीने 30 लाख माणसं मारली. लस आली आणि मृत्यू वाढले. मरणाऱ्यांत लस घेतलेलेच जास्त. साथ गेल्यावर मृत्यू घटायला हवे होते, उलट वाढले.’

पहिलंच वाक्य घेते, कारण मावशीची झोप त्यानेच उडवली. मेसेज ज्याच्या आधारावर बेतलाय, तो शोधनिबंध खरा आहे. ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात (मूळ बीएमजे, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नल, ते नव्हे, त्याच प्रकाशकाचं दुसरं) तो जून 2024 मध्ये आला. 47 देशांत 2020 ते 2022 या तीन वर्षांत मिळून सुमारे 31 लाख जादा मृत्यू झाले, असं त्यात म्हटलंय. जादा मृत्यू म्हणजे एरवी जितके होतील असा अंदाज असतो, त्याहून वरचे. कारण कुठलंही असो. कोविडने गेलेले, उपचार वेळेत न मिळाल्याने गेलेले, उष्माघाताने गेलेले, सगळे त्यातच. मेसेज लिहिणाऱ्याने हा सगळा ढीग उचलला आणि लसीच्या नावावर टाकला.

त्याच निबंधात वर्षवार आकडे आहेत. 2020 मध्ये 10 लाख 33 हजार, 2021 मध्ये 12 लाख 57 हजार, 2022 मध्ये 8 लाख 8 हजार. ब्रिटनमध्ये पहिली लस टोचली गेली ती 8 डिसेंबर 2020 ला. मग 2020 चे दहा लाखांहून जास्त लोक कुठल्या लसीने गेले? हा प्रश्न मेसेज पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडू नये, याचा मला खरोखर संताप येतो.

आणखी एक गोष्ट. कोणी लस घेतली होती, कोणी नाही, याचं कसलंही विश्लेषण त्या निबंधात नाही. आकडेही लेखकांनी स्वतः गोळा केलेले नाहीत, ते ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या संकेतस्थळावर आधीपासून सगळ्यांना उघडे होते. चर्चेच्या भागात लेखकांनी लसीच्या दुष्परिणामांबद्दल शंका घेतली, वर्तमानपत्रांनी त्या शंकेचा मथळा केला. तेव्हा बीएमजेनेच निवेदन काढलं की या अभ्यासातून लस आणि मृत्यू यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. पुढे निबंधावर चिंता व्यक्त करणारी नोंद लावली गेली. काही लेखक नेदरलँड्समधल्या ज्या प्रिन्सेस मॅक्सिमा सेंटर या मुलांच्या कर्करोग रुग्णालयातले, त्या संस्थेनेही हात झटकले. ‘जर्नलने कबूल केलं’ म्हणे! जर्नलने नेमकं उलट सांगितलं.

‘लस आली आणि मृत्यू वाढले’ या दाव्याला उत्तर म्हणून न्यूझीलंडकडे बघा. तिथे 2021 मध्ये बहुतेक प्रौढांना लस मिळाली, पण सीमा बंद असल्याने विषाणू फारसा शिरला नव्हता. त्या वर्षी मृत्यूंचा डोंगर उभा राहिला नाही. 2022 मध्ये ओमिक्रॉन पसरला आणि मग आकडा चढला. दुसऱ्या टोकाला बल्गेरिया. युरोपीय संघात सगळ्यांत कमी लसीकरण तिथे, आणि 2021 मध्ये जादा मृत्यूंत तोच देश सगळ्यांत पुढे.

‘मरणाऱ्यांत लस घेतलेलेच जास्त’ हे काही ठिकाणी खरंही असेल, पण त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हजार वृद्ध धरा. 900 जणांनी लस घेतली, 100 जणांनी नाही. घेतलेल्यांतले 18 गेले, न घेतलेल्यांतले 10. गेलेल्यांत लसवाले जास्त दिसतात, पण धोका एकीकडे शंभरात दोन आणि दुसरीकडे शंभरात दहा.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी, मनात नसलं तरी. लसीने कोणालाच काही झालं नाही, असं म्हणणारेही खोटं बोलतात. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर काहींच्या रक्तात जीवघेण्या गुठळ्या झाल्या. ब्रिटनमध्ये पहिल्या डोसनंतर दहा लाखांमागे साधारण 15 जणांना हा त्रास झाला, त्यातले काही दगावले, म्हणूनच 2021 मध्ये तिथे तरुणांना ती लस देणं थांबलं. एमआरएनए लसींनंतर (फायझर, मॉडर्ना) तरुण मुलग्यांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, हेही नोंदलेलं आहे. त्या घरांचं दुःख खरं आहे. पण दहा लाखांत 15 या प्रमाणातून 31 लाख मृत्यू निघत नाहीत.

शेवटचा दावा, साथ गेल्यावर मृत्यू घटायला हवे होते. साथ गेली कुठे होती? विषाणू 2022 मध्येही माणसं मारत होता, ऑस्ट्रेलियात त्या वर्षी मृत्यूच्या कारणांत कोविड तिसऱ्या क्रमांकावर होता. त्यात युरोपातला कडक उन्हाळा आणि पुढच्या हिवाळ्यात परतलेला फ्लू. शिवाय अंदाज कसा बांधता यावरही बरंच अवलंबून असतं. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने वाढती, म्हातारी होत चाललेली लोकसंख्या नीट धरली, तेव्हा 2023 चे जादा मृत्यू 31 हजारांवरून 11 हजारांवर आले.

आणि काका? त्यांचं हृदय कशाने बंद पडलं हे मी सांगू शकत नाही. पण मधुमेह वीस वर्षांचा होता, आणि जानेवारी 2022 मध्ये त्यांना कोविड झाला होता, हे मावशी विसरली होती. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त कोविड झालेल्या माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आजारानंतर वर्षभर हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला, दवाखान्यात दाखल न झालेल्यांतसुद्धा. हे मी तिला फोनवर सावकाश वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ते 2020 चे आकडे मला मोठ्या अक्षरात लिहून पाठव.” पाठवले.

मेसेज टाकणाऱ्या नातेवाइकालाही फोन केला. “मी फक्त फॉरवर्ड केला,” म्हणाला. तो काढून टाक आणि मावशीला स्वतः फोन कर, एवढंच मी त्याला सांगितलं. आज चौथा दिवस आहे, त्याने अजून फोन केलेला नाही.